धरलेली जागा

सिंगापूरच्या पाया लेबार भागात, मुलीच्या ऑफिसच्या लॉबीत, दोरीमागे, पाडलेल्या जुन्या स्टेडियमचा लाकडी बाक मांडला होता. वर पाटी: ‘बसू नये.’ गोविंदरावांचं डोकंच फिरलं. याच बाकांवर त्यांनी मधुमतीसोबत फुटबॉलचे सामने पाहिले होते. ती आधी पोचायची आणि टिश्यूचं पाकीट ठेवून त्यांची जागा धरायची. सिंगापुरात असं पाकीट कोणी हलवत नाही. आता मधुमती गेली, बाक उरला, तर त्यावर बसायचंही नाही? दोरी ओलांडून ते बसले. “बाबा, उठा ना,” मुलगी कानकोंडी झाली. “हेरिटेज आहे ते.” “माणसं बसली म्हणून हेरिटेज झालं. नुसतं लाकूड कोणी जपलं असतं?” म्हातारा गार्ड धावत आला. “अंकल, कॅनॉट सिट लाह,” तो सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. गोविंदरावांनी खिशातून टिश्यूचं पाकीट काढून शेजारी ठेवलं. “माय वाइफ्स सीट.” गार्ड थबकला. मग त्याने पाटीच उचलली.