विहिरीजवळची पट्टी

"दरवर्षी रंग लावायलाच हवा का हो त्या पाटीला, आई?" मिरचीची रोपं लावता लावता मेलिहानं विचारलं.

झुम्रा सासूबाई विहिरीजवळच्या पाटीपुढे वाकल्या होत्या. लाल पाटी, पांढरी कवटी, खाली 'सुरुंग'. डावं मनगट वाकडं, म्हणून रंगाचा डबा काखेत धरून त्या कवटीचे दात रंगवत होत्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विहिरीवर घसरल्या होत्या म्हणे.

"पुसट झाली तर पाय टाकेल ना कुणीतरी. तुझ्यासारखं हावरं!"

मेलिहा हसली, पण मनातून चरफडली. पाटीमागची ती पट्टी म्हणजे परसातली सगळ्यात चांगली जमीन. दिवसभर ऊन, पाणी हाताशी, आणि युद्धापासून पंचवीस वर्षं नुसती पडून! उरलेल्या बागेवर तिनं जीव काढला होता. मेंढ्यांचं खत घातलं, मक्याच्या ताटांवर घेवडा चढवला, कोबी निघाला की त्याच वाफ्यात मुळा पेरला. तरी हिवाळ्यासाठी खारवलेल्या कोबीचं एक पिंप आणि मिरचीच्या चटणीच्या तीस बरण्या, यापुढे गाडी जाईना. बाजारात न्यायला काही उरतच नव्हतं.

आणि निहाद, तिचा नवरा, पानगळीत ऑस्ट्रियाला कामाला जाणार होता. बाळ नाताळाच्या सुमारास होणार होतं.

"बापाशिवाय वाढेल ते," मेलिहा म्हणाली.

"मी नाही वाढलो?" निहाद म्हणाला.

निहाद चार वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना, हम्दियांना, युद्धात कुणीतरी धरून नेलं, असं झुम्राबाई सांगत. बेपत्त्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. निहादच्या पाकिटात त्यांचा एकुलता एक फोटो असे: दाट मिशा, पट्ट्याला घोड्याच्या डोक्याचं पितळी बक्कल. कुठेही हाडं सापडली की तो फोटो घेऊन धावत जाई आणि हात हलवत परत येई. झुम्राबाई कधी गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या.

शेवटी मेलिहानं कुणाला न विचारता अर्ज केला. माणसं येणार हे कळल्यावर मात्र कॉफी ओतता ओतता सासूबाईंना सांगून टाकलं.

"सुरुंग काढणारे येतायत सोमवारी."

झुम्राबाईंचा पेला हातातच राहिला. "कुणाला विचारून बोलावलंस?"

"आई, तेवढी पट्टी मिळाली तर बाजारापुरतं पिकेल. निहाद म्हणालाय, मग मी जात नाही."

झुम्राबाईंनी पेला खाली ठेवला.

"राहील? नक्की?"

"शपथ घेतलीय त्यानं."

"मग येऊ देत," त्या म्हणाल्या.

सोमवारी तिघं जण आले. त्यांच्या मुकादमानं नकाशा उलगडला, पाटी बघितली, मग पाटीची मागची बाजू बघितली.

"ही कुणी लावली?"

"तुम्हीच की," निहाद म्हणाला.

"आमच्या पाटीमागे क्रमांक असतो. आणि हे आवार आमच्या सुरुंगांच्या नकाशावर कधीच नव्हतं. इथे सुरुंग नाहीत हो."

मेलिहाला हसावं की रडावं कळेना. पंचवीस वर्षं फुकट! आलोच आहोत तर बघून घेऊ, म्हणून त्यांनी धातू शोधणारं यंत्र फिरवलं. विहिरीपासून चार पावलांवर ते किंचाळलं.

सगळे मागे सरले. मुकादम पोटावर झोपून इंच इंच माती खरवडू लागला. मेलिहानं पोटावर हात धरला होता. बऱ्याच वेळानं तो उठून बसला आणि चिमटीतली वस्तू त्यानं पँटला पुसली.

घोड्याचं डोकं. पितळी.

निहाद हळूहळू आईकडे वळला. झुम्राबाई घेवड्याच्या शेंगा तोडत होत्या. त्यांनी एप्रनच्या घोळातल्या शेंगा टोपलीत रिकाम्या केल्या, वाकडं मनगट एप्रनला पुसलं आणि मुकादमाला म्हणाल्या,

"आता जपून रे बाबा. उजव्या कुशीवर निजवलंय मी त्यांना."