तीन टाके

लक्ष्मणरावांनी दोर टेबलावर ठेवला आणि खिडकी पूर्ण उघडली.

"सावकाश पाहा, नरहरजी. उद्या पोलिसांले तुमचा कागद द्या लागते."

नरहर यांनी खिशातून भिंग काढलं. त्यांच्या खिशात भिंग, सुई आणि छोटी कात्री कायम असे. एरवी काखेत एखादं पुस्तकही असे. आज नव्हतं. रजत गेल्याला एकवीस दिवस झाले होते आणि तेव्हापासून त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं.

ते कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. पोहता येत नव्हतं, होडीत कधी बसले नव्हते. पण ग्रंथालयात आलेल्या एका पुस्तकावरून ते दोर जोडायला शिकले. पुढे धरणावर शिडाच्या होड्यांचा क्लब निघाला, तेव्हा सचिव लक्ष्मणरावांनी त्यांना बोलावून घेतलं. मग नरहर यांनी नाचणगावच्या गोपालला शिकवलं. हात थरथरायला लागल्यापासून सगळे दोर गोपालच करत होता.

तो दाराशी उभा होता. आत ये म्हटलं तरी येत नव्हता.

दोर पेन्सिलीहून बारीक, पोकळ विणीचा. त्याचं टोक मागे वळवून दोराच्याच पोटात वीतभर ओढायचं, की कडी तयार होते. ताण असेपर्यंत ती घट्ट धरते. दोर ढिला पडून हलत राहिला, तर आतलं शेपूट निसटू शकतं. म्हणून वर तीन टाके घालायचे. टाके पडले की वीण जागची सरकत नाही.

या दोरानं होडीतला पट्टा बांधला होता. शर्यतीत त्यात पाय अडकवून क्लबचा रजत पाण्यावर मागे झुकला होता. पट्टा सुटला, तो पाठीवर पडला, होडी उलटली आणि शीड त्याच्यावर आलं. सोडवायला गेलेल्यांना सहा मिनिटं लागली. रजत वीस वर्षांचा होता.

"दोर तुटलेला नाही," नरहर म्हणाले. "शेपूट निसटलं."

"टाके?"

"घातलते काकाजी," गोपाल दारातून म्हणाला. "तीन. माह्या घरवालीच्या, जयाच्या शिलाई मशिनीवरचा लाल धागा. दरवेळी तोच घेतो मी."

"तुले कोनी विचारलं?" लक्ष्मणराव म्हणाले. "बाहेर बस जरा."

गोपाल गेला. बाहेर बाकडं सरकल्याचा आवाज आला.

"आता सरळ सांगा. टाके होते आन् तुटले, तर धागा कच्चा निघाला, कोनाची चूक नाई. घातलेच नसतीन, तर गोपालवर केस होते. क्लबातून तर तो जाईनच. रजतचा बाप रोज फोन करून राह्यला मले."

नरहर यांनी दोर उलटसुलट केला. भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"टाके ताणानं तुटले, तर धाग्याचे तुकडे विणीत अडकून राहतात. इथे एक तंतूही नाही."

"म्हंजे घातलेच नाई."

"मी खात्रीनं सांगू शकत नाही."

"तुम्ही कशाचीच खात्री देत नाई. सही केल्यावर नाव बरोबर आहे का ते पाहता." लक्ष्मणराव हसले नाहीत. "शर्यतीच्या आदल्या दिवशी तपासले होते ना दोर?"

"हो. सगळ्या होड्यांचे. गोपाल जेवायला गेला की तपासतो. समोर तपासलं तर त्याला वाटेल, आपल्यावर भरवसा नाही."

"याचं काय दिसलं?"

"वीण मागे सरकवून आत पाहिलं. शेपूट पुरेसं होतं. उलट दोन बोटं जास्तच होतं." ते भिंग पुसू लागले. "तेवढ्यात रजतनं हाक मारली. आजोबा, पोहे थंडे होऊन राह्यले. मी आलोच म्हणालो."

"मंग टाके पाहायचे राह्यले तुमचे. होते असं कधी. वय झालं." लक्ष्मणरावांनी कागद पुढे सरकवला. "जेवढं दिसते तेवढंच लिहा."

नरहर यांनी दिसत होतं तेवढंच लिहिलं. दोर शाबूत. शेपटाची लांबी योग्य. टाक्यांचे अवशेष नाहीत. सही केली आणि नाव बरोबर आहे का ते पाहिलं.

बाहेर गोपाल उठून उभा राहिला.

"काय लिवलं, काकाजी?"

"टाके दिसत नाहीत, असं लिहिलंय."

गोपालनं आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. सुई धरायच्या जागी घट्टे पडले होते.

"मले तर घातल्याचं याद आहे," तो हळू म्हणाला. "पण तुम्ही भिंगातून पाह्यलं. नाई म्हणता, तर नसतीनच. माह्याच हातून राह्यले." तो वाकून नरहर यांच्या पाया पडला. "पोरगं गेलं, काकाजी. आता जयाले काय सांगू?"

नरहर यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बस आली.

वर्ध्याला घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. प्रमिलाबाई चहा टाकत होत्या.

"ग्रंथालयातून फोन होता," त्या म्हणाल्या. "त्या पुस्तकाची मुदत संपली. तुमचा असा उशीर कधी होत नाही म्हणे."

"उद्या देतो."

"शेजारची समीक्षा तिकडेच चालली आहे, तिच्या हाती पाठवते. शर्यतीहून आल्यापासून तीन आठवडे पिशवीतून काढलंसुद्धा नाही तुम्ही."

"राहू दे ते."

"वाचत तर नाही आहात. काऊन अडवून ठेवता दुसऱ्याचं?" त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, पुस्तक बाहेर घेतलं. "आत तुमचे धागेदोरे असतील खुणेचे. तेवढे काढून देते."

"प्रमिला, ते उघडू नकोस."

पण त्यांनी उघडलं होतं. खुणेच्या पानावर लाल धाग्याचे तीन टाके होते, कात्रीनं नीट कापलेले.