काळजाचा तुकडा

ताइचुंगच्या इस्पितळातून फोन आला, तेव्हा आई रताळ्याचा पाला निवडत होती. तेरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या नवऱ्याला यकृताचा तुकडा हवा होता. त्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी थिंग-थिंग अजून लहान होती. देऊ शकेल अशी एकटी त्यांची मुलगी पिन-यूच होती, वीस वर्षांची.

“आठवीत तू न्यूमोनियाने पडली होतीस, तेव्हा आला होता का तो बघायला?” आई कडाडली.

“नाही आला.”

“मग कशाला जीव धोक्यात घालतेस?”

“तो कसा वागला, त्यावरून मी कसं वागायचं हे नाही गं ठरवणार, आई.”

शस्त्रक्रिया पार पडली. चौथ्या दिवशी आई तिला चाकाच्या खुर्चीतून त्याच्या खोलीत घेऊन गेली. त्याने गुंगीतच डोळे किलकिले केले आणि तिचा हात घट्ट धरला.

“थिंग-थिंग, आलीस बाळा?”

आई काही बोलणार, तोच पिन-यूने मान हलवून तिला थांबवलं.

“हो बाबा, आले.”

तेरा वर्षांनी तिच्या तोंडून ‘बाबा’ निघालं, तेही दुसरीच्या नावावर.