लॅव्हेंडरच्या वड्या

न्हाणीघरातून लॅव्हेंडरचा वास आला आणि तिच्या हातातली सुरी कांद्यावरच थांबली.

ती दार ढकलून आत गेली. नवरा नुकताच गॅरेजमधून आला होता. अंगात तोच तेलकट शर्ट. कोपरापर्यंत फेस, आणि तो फेस वंगणाने काळपट झालेला. हातात मुलीने केलेल्या साबणाची वडी होती.

“ग्रीस काढायला तुम्हाला तिचीच वडी सापडली?”

तिने वडी हिसकावून घेतली, नळाखाली धरली आणि टॉवेलने तान्ह्या बाळासारखी टिपली. तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. मुलीला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

औषधांनी मुलीची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती. बाजारचा कुठलाही साबण लावला की अंगाची आग व्हायची. मग तिने घरीच साबण करायचं मनावर घेतलं. जरा बरं वाटलं की ती स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची. खोबरेल आणि ऑलिव्हचं तेल काट्यावर तोलायची. हातमोजे आणि चष्मा चढवून कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायची आणि आईला दटावायची, “लांब हो, वाफ नाकात जाईल.” मग सोड्याचं पाणी तेलात ओतून घोटायचं, सायीसारखं दाट होईपर्यंत. घोटायला तिला बाप लागायचा. तिच्या मनगटात तेवढा जोर उरला नव्हता. “ग्रीसराव, हात धुवून या,” असं ती ओरडली की तो खरोखर नखं घासून यायचा. शेवटी लॅव्हेंडरचं तेल आणि खिडकीतल्या कुंडीतली वाळवलेली फुलं. बाकी रंग नाही की रसायन नाही. ते मिश्रण दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओतायचं, घट्ट झालं की वड्या पाडायच्या आणि आठवडेच्या आठवडे फळीवर वाळू द्यायच्या. तोवर तो साबण अंगाला लावायचा नसतो. शेवटच्या घाण्याच्या वड्या वाळत होत्या, तेवढ्यात ती गेली.

नवऱ्याच्या हातून वडी हिसकावली त्या संध्याकाळी आईने सगळ्या वड्या उचलल्या, वापरलेलीसुद्धा. मऊ कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरल्या. डबा मुलीच्या कपाटात स्वेटरांखाली ठेवला आणि कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवली.

त्यानंतर नवराबायकोचं बोलणं कामापुरतं उरलं. जेवण वाढलंय. गॅस संपलाय. तुझ्या बहिणीचा फोन आला होता. तो कामावरून यायचा, दुकानातल्या निळ्या वडीने हात धुवायचा, जेवायचा, टीव्ही लावून बसायचा. मुलीचं नाव त्याच्या तोंडून निघत नसे. बहीण म्हणाली, “पुरुषांचं असंच असतं गं. कोरडे असतात.” तिला ते पटलं. ज्या हातांनी मुलीबरोबर साबण घोटला, त्याच हातांचं काळं तिच्या वडीने धुवावंसं ज्याला वाटलं, त्याच्याशी काय बोलायचं?

घरात कोणी नसलं की ती कपाट उघडायची आणि डब्यावर हात ठेवून बसायची. झाकण मात्र काढत नसे. वास उडून जाईल याची भीती वाटायची. सगळं संपलं तरी हे एवढं आपल्या हातात आहे, असं ती स्वतःला सांगायची.

असं वर्ष गेलं, त्याच्याही वर काही महिने. एका दुपारी ओट्याशी उभी असताना तिला मुलीचा आवाज आठवेना. शब्द आठवत होते, आवाज नाही. ती घाबरली. धावत खोलीत गेली, डबा काढला आणि झाकण उघडलं.

तळणीच्या जुन्या तेलासारखा खवट भपकारा आला. वड्यांवर नारिंगी डाग पडले होते आणि डागांतून तेलाचे थेंब फुटले होते. फुलं काळी पडून उंदराच्या लेंड्यांसारखी दिसत होती. तिने सुरी आणून एक वडी खरवडली. आतही तेच. दुसरी मधोमध कापली. मग सगळ्याच कापल्या. एकीच्याही पोटात लॅव्हेंडर उरलं नव्हतं.

तिला रडूही आलं नाही. लेक एकदा गेली होती ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या हातून. या वेळी तिला आपणच कुलपात घालून मारलं, असं तिला वाटलं.

नवरा आला तेव्हा ती तुकड्यांच्या मधोमध बसली होती. तो दारातच थांबला. काय झालंय ते त्याला विचारावं लागलं नाही. बूट न काढताच तो आत आला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

तिने विचारलं, “त्या दिवशी तुम्ही लावलीत ती... कशी होती?”

“मऊ,” तो म्हणाला. “फेस बारीक होता. वास आधी जरा कडू यायचा, मग गोड. हात कोरडे झाले तरी राहायचा. रात्री झोपलो तरी येत होता. मी उशीवर हात ठेवून झोपलो होतो.”

तिने त्याचे हात पाहिले. नखांच्या कडांना वंगण होतं.

“मला एकदाही लावावीशी वाटली नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला कशी वाटली?”

“मलाही नव्हतीच वाटली.”

“मग?”

तो तुकडे गोळा करत राहिला. बोलला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“तुला लागेल म्हणून सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, ‘आई सगळ्या जपून ठेवील. बाबा, तुम्ही तरी एक वापरा.’”