जुनी कॉपी

“किशोरी, रेपोतल्या नोंदी तू बदलल्यास?”

“हो, मीच बदलल्या,” किशोरी म्हणाली. “का, ते विचारू नका, सर.”

कुडाळच्या त्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात कौस्तुभ मान खाली घालून उभा होता. तक्रार त्याचीच. मासळीवाल्या बायकांच्या गटासाठी ऑर्डर घेणारं अॅप ही मंडळी बनवत होती. कुणी काय आणि कधी लिहिलं, याची पहिल्या दिवसापासूनची नोंद सामायिक रेपोत, म्हणजे सगळ्यांच्या कोडच्या साठ्यात, होती. किशोरीने काल ती नोंदच नव्याने लिहून वर चढवली आणि ‘जुनी कॉपी पुसा, नवी घ्या’ एवढाच निरोप टाकला. कौस्तुभने निरोप वाचला, पण मनावर घेतला नाही. मग जुन्या-नव्याचा मेळ काही केल्या बसेना. सकाळी गटाच्या अध्यक्ष पार्वतीबाईंसमोर अॅप उघडलंच नाही, चांगली शोभा झाली. रागाच्या भरात त्याने निलेशसरांसमोर किशोरीचं नाव घेतलं.

आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी याच किशोरीने त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं.

“लपवायचं काही असल्याशिवाय कुणी नोंद पुसत नाही,” निलेशसर म्हणाले. “तसं निघालं तर उद्यापासून येऊ नकोस.”

सकाळपासून तिथेच बसलेल्या पार्वतीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कौस्तुभला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती; त्याला त्या मुलासारखा मानत. “माझ्या झिलाचा काम खंय गेला, ता माका बघूचा आसा,” त्या म्हणाल्या.

“जुनी कॉपी माझ्याकडे आसा,” कौस्तुभ पुटपुटला.

किशोरीने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. “नको रे. नवी घे आणि गप रव.”

बिचारीचं बिंग आपल्याच हातून फुटणार, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. पण पार्वतीबाई बघत होत्या. त्याने जुनी कॉपीही नव्याच्या जोडीला वर चढवली.

निलेशसरांनी जुन्या-नव्या नोंदींच्या याद्या भिंतीवरच्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्या. किशोरीने गाळलेली नोंद एकच होती. सहा महिन्यांपूर्वीची, गिऱ्हाइकाला मेसेज जातो का ते तपासायला टाकलेली.

पार्वतीबाईंनी चष्मा चढवला. साक्षरतेच्या वर्गाला गेल्यापासून दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती.

“पार्वती म्हातारेचे बांगडे कुसलेले, नाक धरून खावा,” त्यांनी सावकाश वाचलं. मग पुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं. “कौस्तुभ.”