सत्तावीस नंबरचं झाड

जाड कागद, सकाळपासून तुरटीच्या पाण्यात.

बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा: २७.

मोरीत व्हिनेगरची मोठी बरणी, तळाला गंजके खिळे.

उप्पीट, चार माणसांचं.

बनशंकरीतल्या आपल्या घरासमोर अहल्याक्का सिल्व्हर ओकची पानं वेचत होत्या. "जास्त घे गं आज," त्या श्वेताला म्हणाल्या. "उद्या झाड असेल, नसेल."

श्वेता पुण्याची, आयटीतल्या नोकरीसाठी या कन्नड मुलखात आलेली. दर शनिवारी अक्कांकडे कागदावर पानांचे ठसे उठवायला शिकायची. पान बरणीतल्या लोहपाण्यात बुडवायचं, दोन कागदांमध्ये ठेवायचं, फरशीच्या तुकड्यांमध्ये करकचून बांधून वाफवायचं. एका पानाचे दोन ठसे, समोरासमोर. तिला ती जादूच वाटे.

आज मंगळवार, ती रजा काढून आली होती. रस्तारुंदीकरणात हे झाड जाणार होतं. तिने गल्लीत फिरून एकशे बारा सह्या जमवल्या होत्या. अक्कांची त्यात नव्हती. "सहीने करवत थांबते होय?" त्या म्हणाल्या होत्या.

सह्यांच्या अर्जावरची सुनावणी बुधवारी होती. कंत्राटदाराची माणसं मंगळवारीच आली.

त्यांच्यातल्या मानसिंगने यांत्रिक करवतीची चेन काढली, दाते कानशीने घासले आणि ती अक्कांच्या पायरीवर ठेवली.

"आत या रे," अक्कांनी हाक मारली. "स्वल्प उप्पीट खा, कॉफी घ्या. मग काय ते तोडा."

श्वेता भडकली. "अक्का, झाड मारायला आलेत ते!"

"म्हणून उपाशी ठेवायचं? तू वाढ. मी मोरीतलं बघते."

श्वेताने दातओठ खात वाढलं. मानसिंगने दोनदा मागून घेतलं.

ते बाहेर आले तेव्हा पायरीवर चेन नव्हती.

"यहीं रखी थी!" मानसिंग ओरडला.

"तूच कुठेतरी टाकली असशील," त्याचा जोडीदार विराट म्हणाला. दोघांचं चांगलंच जुंपलं. दुसरी चेन शहराबाहेर, होसकोटेच्या गोदामात होती. ती ट्रॅफिकमधून येईपर्यंत दिवस मावळला.

बुधवारी दुपारी स्थगिती मिळाली.

गल्लीने श्वेताला शाल दिली. "ह्या मुलीने झाड वाचवलं," सगळे म्हणाले. सगळ्यांत जोरात टाळ्या अक्कांच्या होत्या. श्वेताने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तीन शनिवार ती फिरकली नाही. चौथ्या शनिवारी आली, ती स्वतःचे कागद परत न्यायला.

अक्का नेमकं बोचकं सोडत होत्या. फरशी उचलली, वरचा कागद अलगद सुटला. तांबूस सोनेरी पान. कडेच्या प्रत्येक कातरीला, प्रत्येक शिरेला काजळाची रेघ. समोरच्या कागदावर तेच पान, आरशातलं. झाडच कागदावर येऊन बसल्यासारखं.

श्वेता राग विसरली. "अक्का! इतका काळा कधीच आला नव्हता. खिळे बदललेत?"

"जुने गेले की विरघळून." अक्कांनी जोडीतला एक कागद तिच्या हातात ठेवला. "घे. तुझं झाड."

"आणि तुमचं नाही?" श्वेताने टोमणा मारलाच. "सही तेवढी केली असतीत तर..."

"सरी, सरी. बरं बाई, चुकलंच माझं," अक्का म्हणाल्या आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

मंगळवारी सव्वादहाला, मानसिंग दुसऱ्यांदा उप्पीट घेत असताना, करवतीची चेन व्हिनेगरच्या तळाशी पोचली होती.