गोळ्यातला गणपती
२०१९ साली ओटाव्याच्या मराठी मंडळातलं गणपतीचं मखर निवृत्त वास्तुविशारद देवदत्तने केलं: थर्माकोलचा भलामोठा गोळा, त्याला छोटंसं दार, आत मूर्ती. आरती सुरू झाली आणि सगळे गोळ्यालाच ओवाळू लागले. "अरे, वर्षातून एकदा येणारा देव, तोही दिसू नये?" त्याआधी दरवर्षी मखर करणाऱ्या इंदूताई देवदत्तला म्हणाल्या. "महामंदीच्या शेवटी, १९३९ साली, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात असाच गोळा होता, ताई. लोक रांगेने आत जायचे." "मंदीतल्या फुकट भाकरीच्या रांगेतून आलेले ते, त्यांना रांगेची सवय होती. मूर्ती बाहेर काढ." "प्राणप्रतिष्ठा झालीये. विसर्जनापर्यंत हलवता येत नाही." "मग राहू दे." ताईंनी स्वयंपाकघरातून ब्रेड कापायची सुरी आणली आणि गोळ्याची पुढची बाजू कलिंगडासारखी कापून काढली. पुढच्या वर्षापासून मखर पुन्हा ताईच करतात. देवदत्त कॅल्गरीला गेला, तिथल्या मंडळाचा अध्यक्ष झाला. तिथे म्हणे गोळ्यालाच ओवाळतात.